सासऱ्यांचा चढाव

"मी ठरवलंय," बाई म्हणाल्या, "आपण ती वॅगन घ्यायची."

कवळीवाल्यांचा चमचा सूपच्या वाटीवरच थांबला. बाई म्हणजे त्यांची बायको. त्या पोहण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायच्या, म्हणून सगळं गाव त्यांना बाई म्हणायचं, आणि सगळं गाव म्हणतं म्हटल्यावर नवराही म्हणायचा. कवळीवाले स्वतः दातांच्या कवळ्या करायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचा कारखाना होता. प्लास्टरच्या गोण्या, मेणाच्या पट्ट्या आणि फळीवर ओळीनं मांडलेले लोकांचे जबडे. दिवसभर समोर तोंडंच तोंडं, पण बोलत एकही नाही. हा धंदा त्यांना मानवला होता तो त्यामुळेच.

आता वॅगन वाईट होती असं मुळीच नाही. ना फार मोठी, ना फार छोटी. मागे लांबलचक जागा, शिडी आडवी घातली तरी मावेल अशी. आणि मुख्य म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह. चारही चाकांना इंजिनाचा जोर, त्यामुळे चिखलात एखादं चाक फसलं तर बाकीची त्याला ओढून काढतात, असं शोरूममधल्या माणसानं हाताची चार बोटं नाचवून समजावलं होतं. आणि नेमकं इथेच कवळीवाल्यांचं घोडं पेंड खात होतं. कारण त्यांच्या सगळ्या जाण्यायेण्यात चिखल होता तो एकाच ठिकाणी, आणि तो सासऱ्यांच्या दारात होता.

सासरे वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले आणि टेकडीवर घर बांधून एकटे राहायला गेले. माणूस सरळ, पण निवृत्ती त्यांच्या अंगवळणी पडलेली नव्हती. जावई पहिल्यांदा त्या घरी गेला तेव्हा बिस्किटांचा पुडा घेऊन गेला होता. सासऱ्यांनी तो तराजूवर ठेवला, चष्मा वर केला आणि सांगितलं, की दुकानदारानं तुम्हाला फसवलंय. मग वजनात कोण कसं मारतं हा विषय निघाला. तो जेवणापर्यंत चालला, जेवताना चालला, आणि संध्याकाळी गाडीपर्यंत सोडायला आले तेव्हाही त्यांचं पेट्रोल पंपांच्या मापांबद्दल सांगायचं राहिलंच होतं. कवळीवाले दिवसभर मान हलवत होते. दुसऱ्या दिवशी ती मान शेकावी लागली.

पुढच्या खेपेला देव पावला. घराखालचा कच्चा चढाव चिखलानं भरलेला होता आणि त्यांची छोटी गाडी तो चढेना. चाकं जागच्या जागी फिरली, जळका वास सुटला, आणि ते दोघं परत आले. तेव्हाचं ते न चढणं अगदी खरं होतं. त्यानंतरचं किती खरं होतं, हे छोट्या गाडीला माहीत आणि कवळीवाल्यांच्या उजव्या पायाला. दर वेळी ते चढावाच्या तोंडाशी थोडा धूर काढायचे, फोनवर "नाही चढत हो, बाबा" म्हणायचे आणि घरी यायचे. चिखल तुडवत पायी वर जायचं म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायचा. मग रविवार त्यांचा. मागच्या ओट्यावर एक खुर्ची बसायला, एक पाय ठेवायला, आणि समोर गप्प झाडं. आठवडाभर माणूस ज्यासाठी खपतो ते हेच, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. वॅगन आली की हा रविवार गेला. दर रविवारी, हयातभर, किलोग्रॅम.

ते हातपाय हलवल्याशिवाय राहिले नाहीत. आधी म्हणाले, ही पेट्रोल फार पिते. बाईंनी पिण्याचा हिशोब काढून दाखवला. मग म्हणाले, आपल्या फाटकातून ती आत येणार नाही. बाईंनी फाटक मोजलेलं होतं. रंग डोळ्यांना बोचतो, म्हणून बघितलं. बाई म्हणाल्या, दुसरे रंगही आहेत. शेवटी त्यांनी हुकमी पत्ता काढला. त्या घरात एक नियम होता: कुठलीही वस्तू तिच्या सगळ्यात अवघड कामाला जुंपून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. या नियमापायी त्यांनी गादीच्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर दुपारभर झोप काढली होती, आणि छत्री दुकानदाराच्या न्हाणीघरात शॉवरखाली उघडून बघितली होती. नियम अर्थातच कवळीवाल्यांचा.

"परीक्षा घेतल्याशिवाय नाही," ते म्हणाले.

"मी कुठे नाही म्हणतेय?" बाई म्हणाल्या. "शोरूमवाले रविवारी गाडी देतायत. बाबांच्या चढावावर घालू."

स्वतःच्याच नियमात असं पाय अडकून पडल्यावर माणसानं गप्प राहावं. पण कवळीवाल्यांना वाटलं, सासऱ्यांनाच फोन करावा. त्यांनी बाई तलावावर गेल्याचं बघून फोन लावला आणि रस्त्याची चौकशी केली. सासरे म्हणाले की रस्ता भयंकर आहे, माणसानं येऊच नये, आणि कधी येणार म्हणालात? रविवारी, हे ऐकल्यावर ते जरा थांबले आणि पुन्हा एकदा म्हणाले की येऊ नका. कवळीवाल्यांना इतका आनंद झाला की त्यांनी जेवताना तो निरोप शब्दन् शब्द सांगितला. बाई म्हणाल्या की रस्ता वाईट असेल तर उत्तमच झालं, चांगल्या रस्त्यावर परीक्षा कसली घ्यायची.

घ्या. मग उरली एकच वाट. गाडी जड करायची. शोरूमचा माणूस रविवारी सकाळी वॅगन घेऊन आला. मध्यमवयीन, गोड बोलणारा, बुटांना अशी चकाकी की त्यात दाढी करावी. कवळीवाल्यांनी त्याला सांगितलं, की आम्ही गाडी घेतो ती सामानासाठी, तेव्हा सामान भरूनच चालवली पाहिजे. आणि कारखान्यातल्या प्लास्टरच्या गोण्या एकेक करून मागे रचल्या. बाईंना हे फार पटलं. नवरा इतक्या मनावर घेतोय हे बघून त्यांनी त्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली. ती थाप कवळीवाल्यांना जरा टोचली, पण त्यांनी गोणी उचलली.

चढाव दिसला तेव्हा शोरूमच्या माणसाचं बोलणं थांबलं. तो चढाव राहिलाच नव्हता. वरून खालपर्यंत नुसता राडा. आणि गंमत म्हणजे, वाटेत कुठेही जमीन ओली नव्हती. बाईंनी काच वर केली, सगळ्यांना पट्टे लावायला सांगितले आणि गाडी घातली.

वॅगन चढायला लागली. नुसती चढली नाही, शांतपणे चढली, म्हैस तळ्यातून निघावी तशी. गोण्यांचं तिला काही वाटेना. अर्धा चढाव मागे पडला, घराचं छप्पर दिसायला लागलं, शोरूमच्या माणसाची चार बोटं परत नाचायला लागली. कवळीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. मागच्या ओट्यावरची पाय ठेवायची ती खुर्ची त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"थांबव," ते म्हणाले. "इथेच थांबव. उभी करून परत चढते का बघू."

"सर, चढावर मध्येच थांबायचं नसतं," मागून आवाज आला.

"सगळ्यात अवघड काम," कवळीवाले म्हणाले. "नियम आहे आमचा."

नियम म्हटल्यावर बाई थांबल्या. त्या न्यायाला पक्क्या होत्या. वॅगन उभी राहिली, गोण्यांच्या ओझ्यानं हळूच खाली बसली आणि चारही चाकांनी आपापल्या खड्ड्यात बैठक मारली. मग बाईंनी जोर दिला तेव्हा चारही चाकं फिरली, अगदी एकजुटीनं, आणि चारही आणखी खाली गेली.

शोरूमचा माणूस उतरला. त्याचा एक बूट बाहेर आला, दुसरा आत राहिला. तो म्हणाला की घाबरायचं कारण नाही, चाकांखाली काहीतरी कोरडं टाकलं की गाडी निघते, वाळू, राख, काहीही. एवढं बोलून त्यानं मागचं दार उघडलं. आत गोण्याच गोण्या. त्यानं किल्लीनं एक फाडली, पांढरी भुकटी बघून खूश झाला आणि सरळ चाकाखालच्या डबक्यात उलटी केली.

आता इथे जरा थांबलं पाहिजे. कवळीच्या प्लास्टरमध्ये पाणी घातलं की काय होतं, हे जगात कुणाला सांगायची गरज नसेल तर ती कवळीवाल्यांना. हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा. त्यांनी तोंड उघडलं. मग त्यांच्या मनात आलं, की गाडी इथेच रुतून बसली तर परीक्षेत नापास झाली, आणि नापास झाली तर रविवार वाचला. त्यांनी तोंड मिटलं. मूग गिळून ते बघत राहिले, आणि शोरूमच्या माणसानं मन लावून चारही चाकांखाली गोण्या रिकाम्या केल्या. वर पायानं दाबूनसुद्धा दिलं.

बाई स्टिअरिंगवर हात ठेवून बसून होत्या. त्यांनी एकदा आरशात बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं. "जरा दम खाऊ द्या गाडीला," त्या म्हणाल्या.

गाडीनं दम खाल्ला आणि प्लास्टरनंही. बाईंनी पुन्हा जोर दिला तेव्हा चाकं जागची हललीसुद्धा नाहीत. इंजिन घुमलं, गाडी थरथरली, बंद पडली. चारही चाकं पांढऱ्या दगडात पक्की बसली होती, जबड्यात दाढ बसावी तशी. कवळीवाल्यांना धंद्याच्या सवयीनं आधी हेच दिसलं, की ठसा फार सुरेख निघणार. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. गाडी निघत नाही म्हणजे ते स्वतःही निघत नाहीत. छोटी गाडी घरी, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि अख्खा रविवार पुढे पडलेला. करायला गेले गणपती आणि झालं माकड, ते असं.

वर घराच्या दारात सासरे उभे होते. ते काही बोलले नाहीत, हेच एक नवल. बाई बापाला बिलगल्या आणि मग सगळ्यांना आत घेऊन गेल्या. शोरूमच्या माणसाची पँट गुडघ्याखाली इतकी कडक झाली होती की त्याला बसता येईना, म्हणून तो चुलीजवळ भिंतीला टेकून उभा राहिला आणि उभ्यानंच चहा प्यायला. त्याला काळजी होती नोकरीची. गाडी संध्याकाळी परत करायची होती, आणि चाकं टेकडीला चिकटलेली. ते बघून कवळीवाल्यांचं मन त्यांना खायला लागलं. छिन्नी-हातोडा शोधतो म्हणाले आणि ते परसात गेले.

परसात एक नळ होता. नळाला लांब हिरवी नळी होती. नळी कुंपणाखालून थेट चढावाकडे गेली होती, आणि सगळ्यांची नजर चुकवून बाहेर आलेले सासरे कुंपणाशी ती लगबगीनं गुंडाळत उभे होते. नळ अजून चालूच होता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"झाडांना घालत होतो," सासरे म्हणाले.

"चढावावर झाडं नाहीत, बाबा."

सासऱ्यांनी नळी खाली टाकली. आयुष्यभर दुसऱ्यांना पकडलेला माणूस, पकडला जायची त्याला सवय नव्हती. ते नळ बंद करून उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले, आणि जमिनीकडे बघत बोलले. मुलगी येते, ते म्हणाले, आणि पहिलं काम म्हणजे माझी कपाटं आवरते. पुढचा महिनाभर मला सुईसुद्धा सापडत नाही. जीव आहे तिच्यावर, पण तो वेगळा आणि कपाटं वेगळी.

"आणि दुसरं म्हणजे तुम्ही," ते म्हणाले. "राग मानू नका, जावईबापू. पण तुम्ही आलात की मला दिवसभर बोलावं लागतं."

"तुम्हाला?"

"मग? तुम्ही येता आणि घुम्यासारखे बसता. पाहुणा घरात गप्प बसलेला बरा दिसतो का? बोलून बोलून घसा बसतो माझा. त्या दिवशी गुळण्या केल्या मी. मी मुळात अबोल माणूस, मला वजनमापांशिवाय काही बोलता येत नाही."

कवळीवाले दुसऱ्या बादलीवर बसले. त्यांना हसावं की रडावं कळेना. त्या दिवशी एक बिचारा बोलत होता कारण दुसरा गप्प होता, आणि दुसरा गप्प होता कारण पहिला थांबत नव्हता.

"मला गप्प बसायलाच आवडतं, बाबा," ते म्हणाले.

"खरं?"

"अगदी खरं."

"मग आधी बोलायचं नाही का," सासरे म्हणाले, आणि त्यानंतर दुपारपर्यंत बोलले नाहीत.

दोघं छिन्न्या घेऊन चढावावर उतरले. प्लास्टर फोडायचं म्हणजे कवळीवाल्यांच्या हातचा मळ. कुठे टिचकी मारली की कुठे तडा जातो हे त्यांना डोळे मिटून कळायचं. सासरे तुकडे उचलून बाजूला रचत होते, मोठे एकीकडे, बारीक एकीकडे. ऊन चढलं, वारा आला, खाली कुठेतरी एक कुत्रं भुंकून थांबलं. एका चाकाखालून टायरच्या नक्षीचा अख्खा ठसा निघाला, एक रेघ तुटली नाही. कवळीवाल्यांनी तो सासऱ्यांपुढे धरला. सासऱ्यांनी तो उलटसुलट करून बघितला, बोट फिरवलं, मान डोलावली आणि घराच्या पायरीवर नेऊन उन्हात ठेवला. तराजू आणला नाही. असा रविवार आपला याआधी कधी गेला होता, हे कवळीवाल्यांना आठवेना. मागच्या ओट्यावर एकट्यानं गप्प बसणं निराळं आणि हे निराळं. त्यांना मनापासून वाटलं, की पुढच्या रविवारी परत यावं.

आणि मग लख्खकन् डोक्यात आलं की येणार कसं. गाडी तर नापास झाली, आणि नापास आपण केली.

चौथं चाक सुटलं तेव्हा ऊन उतरलं होतं. वॅगन खाली घेतली तर ती अलगद उतरली, तिची काही तक्रार नव्हती. शोरूमचा माणूस आत सीटला डाग नको म्हणून रिकाम्या गोण्या अंथरून, पाय सरळ करून मागे बसला. बाईंनी निघताना बापाच्या कानात काहीतरी सांगितलं. सासरे एकदम लहान तोंड करून उभे राहिले, आणि मग हसून त्यांनी मान डोलावली.

सपाट रस्ता लागल्यावर बाई म्हणाल्या, "मग? काय ठरवायचं? घ्यायची का गाडी?"

"घेऊ या," कवळीवाले म्हणाले.

"पण अडकली ना ती. तुमचाच नियम."

मागे शोरूमच्या माणसानं श्वास रोखला. कवळीवाले खिडकीबाहेर बघायला लागले. आता गप्प राहिलं तर लाज वाचत होती, पण टेकडी जात होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना गप्प बसणं जड गेलं.

"गाडी अडकली नाही," ते म्हणाले. "मी अडकवली. थांबवायला मीच लावलं. आणि ते प्लास्टर टाकत होते तेव्हा मला कळत होतं काय होणार ते. मी बोललो नाही. मला रविवारी बाबांकडे यायचं नव्हतं."

मागे कडक पँटचा एक तुकडा मोडल्याचा आवाज झाला. बाईंनी गाडीचा वेग कमी केला नाही, डोळेही रस्त्यावरून काढले नाहीत.

"मलाही कळत होतं," त्या म्हणाल्या.

"काय कळत होतं?"

"प्लास्टर. इतकी वर्षं तुमच्या घरात राहतेय, पांढरं काय आणि पाणी पडल्यावर त्याचं काय होतं, हे मला कळत नसेल होय? तुम्ही तोंड उघडलंत आणि मिटलंत, तेही बघितलं. म्हणून तर म्हटलं, गाडीला दम खाऊ द्या. नीट घट्ट होऊ दे म्हटलं."

कवळीवाल्यांनी त्यांच्याकडे वळून बघितलं.

"नाहीतर तुम्ही चहा पिऊन अर्ध्या तासात गुडघा धरला असता," बाई म्हणाल्या. "मला एक अख्खा दिवस हवा होता. तुम्हा दोघांचा. बाबा तिथे एकटे असतात, तुम्ही इथे एकटे असता, आणि मी मधल्यामध्ये फोन धरून."

रस्त्यावर दिवे लागायला लागले होते.

"मॅडम," मागून शोरूमच्या माणसानं अगदी हळू विचारलं, "म्हणजे आपण गाडी घेतोय ना?"

"गाडी उत्तम आहे तुमची," बाई म्हणाल्या. "तुमच्या साहेबांना मी लिहून देईन तसं. पण तिचं आता काय करू? परसातली नळी मीही बघितली. आजपासून ती बंद, निघताना बाबांनी कबूल केलंय. आणि मीही कबूल केलंय, कपाटांना हात लावणार नाही म्हणून. दोन दिवसांत चढाव कोरडा होईल, मग आमची छोटी चढेल की. नाही का हो?"

कवळीवाल्यांच्या उजव्या पायाचा अंगठा बुटातल्या बुटात जरा हलला.

"चढेल," ते म्हणाले. आणि थोड्या वेळानं, कुणी विचारलं नसताना, "सकाळी लवकर निघू या. म्हणजे दिवस मिळेल."